दगड चाळीस मीटर सरकवला आहे

सायकली कुंपणाला टेकवा. कुलूप नको,
इथला चोरही ओळखीचाच असतो.
हा चर्चचा मनोरा. वरच्या विटांचा रंग वेगळा,
कारण वरचा भाग नंतर बांधला.
खालच्या विटांतली भोकं खरी आहेत. बोट घालून पाहा,
सगळेच घालतात.
कडा आता गुळगुळीत झाल्यात.

रविवार होता. सप्टेंबर.
प्रार्थना सुटली होती, लोक कॉफी घेत बसले होते,
कॉफी कसली, भाजलेल्या चिकोरीचं काळं पाणी,
आणि आभाळातून माणसं गळायला लागली.
शेजारची ड्रीका दारात येऊन म्हणाली,
अगं बाई, एवढ्यांना जेवायला काय घालायचं?

तीन वाजता तिनं झेंडा लावला.
मंगळवारी रणगाडे परत आले,
तेव्हा उतरवून पिठाच्या डब्यात दडवला.
गुरुवारी पुन्हा लावला तर वाऱ्यानं
त्यातून पीठ झडत राहिलं खालच्या रस्त्यावर.
कुणी हसलं नाही.
रस्त्यावर अकरा जण चादरीखाली होते.

हा दगड. सावकाश वाचा, मी थांबतो.
सतरा नावं. चौथ्यात एक अक्षर राहून गेलं होतं,
समुद्रापलीकडून आईचं पत्र आलं,
मग पाथरवट परत आला.
ते अक्षर अजून दाटीवाटीनं उभं आहे,
भरल्या बाकावर उशिरा आलेल्या पोरासारखं.

बाई, तुम्ही नकाशा सारखा उलटा-सुलटा करताय.
आजोबांनी काढलेला? पेन्सिलीनं?
नकाशा बरोबर आहे. दगड चुकीच्या जागी आहे.
बस वळवायला जागा पुरेना,
म्हणून नगरपालिकेनं चाळीस मीटर सरकवला.
रीतसर ठराव झाला. हात मीही वर केला होता.

बाकीच्यांनी बेकरीत बसावं. तुम्ही या.
बीटाची पानं तुडवली तरी चालेल, शेत भाच्याचं आहे.

इथं. आजोबांची फुली इथलीच.
तेव्हा इथं चर होता, कडेनं पॉप्लरची रांग.
मी आठ वर्षांचा. पायात लाकडी जोडे,
त्यातला एक गाळात रुतून बसलेला.
आणि तो आडवा, कमरेपर्यंत पाण्यात,
दोऱ्यांचा गुंता अंगाभोवती.
मला पाहून काहीतरी म्हणाला. प्रश्नच होता,
प्रश्नाचा सूर कुठल्याही भाषेत कळतो.
मोठं माणूस लहान पोराला पहिल्यांदा काय विचारतं?
मी नाव सांगितलं.
ख्रादुस.
त्यानं ते म्हणून पाहिलं, दोनदा.
आमचा तो ख त्याच्या घशाला जमेना.
हसला की तोंड वाकडं झालं, ते मला अजून ठरवता येत नाही.
मग बोललाच नाही.

त्याचे ते शब्द मी जपून ठेवले,
अर्थावाचून, दोरीवर उड्या मारताना म्हणतात
त्या गाण्यासारखे, म्हणून म्हणून झिजवलेले.
चौदाव्या वर्षी शाळेत इंग्रजी आलं.
पुस्तकाचं सहावं पान. एक प्रवासी, हातात पेटी,
स्टेशनवर उतरून हमालाला विचारतो:
या गावाचं नाव काय?
मास्तरांनी अख्ख्या वर्गाकडून मोठ्यानं म्हणून घेतलं.
मी पोट दुखतंय सांगून बाहेर गेलो
आणि पंपापाशी उभा राहिलो, घंटा होईपर्यंत.

म्हणजे ज्या गावासाठी तो उडी मारून आला,
ते त्याच्या लेखी ख्रादुस.
तिथंच तो मेला.
चाळीस वर्षं लोकांना फिरवतोय,
दगडापाशी हे सांगत नाही.
दगडावर गावाचं नाव मोठ्या अक्षरात कोरलंय.

लिहून घेणार असाल तर घ्या.
नको? बरं.
पुढच्या आठवड्यात बीट उपटायचं यंत्र येईल,
ते सरळ रेषेत जातं, फुली-बिली बघत नाही.
चला. बूट गवतावर पुसा.
त्या बाजूनं नको,
तिकडे अजून पाणी आहे.